आधी दार, मग स्टिरिओ

गाडीतला आवाज सुधारायचा असं मनात आलं की पावलं ॲक्सेसरीजच्या दुकानाकडे वळतात, आणि तिथे सगळ्यात आधी दाखवली जाते ती स्क्रीन. मुंबईतला कुर्ल्याचा सीएसटी रोड असो की तालुक्याच्या गावातलं एकुलतं एक दुकान, विक्रीचा क्रम सहसा बदलत नाही. आधी नऊ किंवा दहा इंची अँड्रॉइड स्क्रीन, मग मागच्या ट्रेवर बसवायचे अंडाकृती स्पीकर, मग डिकीत ठेवायची बेस ट्यूब, आणि पैसे उरलेच तर दारांचं डॅम्पिंग, म्हणजे पत्र्याची थरथर जिरवणारं अस्तर. तोवर सहसा काही उरत नाही. गाडी दुकानाबाहेर पडते तेव्हा आवाज मोठा झालेला असतो. चांगला झालेला असतोच असं नाही. तबल्याचा बोल आणि दाराच्या पत्र्याची थरथर एकमेकांत मिसळलेली असते, गायिकेचा आवाज उजव्या गुडघ्याजवळून येतो, आणि गाडी साठच्या पुढे गेली की डग्गा ऐकूच येईनासा होतो. माझं म्हणणं असं की हा क्रम पूर्णपणे उलटा करायला हवा. गाडीत आवाज बिघडतो तो प्लेअरमध्ये फार थोडा, आणि दारांत, काचांत, चाकांखाली, बसण्याच्या जागेत पुष्कळ. म्हणून पैसाही आधी तिथे जायला हवा. स्क्रीन शेवटी घ्यावी. न घेतली तरी चालेल.

या उलट्या क्रमाचं मूळ बऱ्याच अंशी खोक्यावर छापलेल्या एका आकड्यात आहे. कितीतरी प्लेअरच्या खोक्यांवर ‘५० वॉट × ४’ असं ठळक लिहिलेलं असतं, आणि जुन्या प्लेअरच्या जागी हा बसवला की ताकद दुप्पट-तिप्पट होईल असं घेणाऱ्याला वाटतं. हा आकडा येतो कुठून, ते शाळेतल्या विज्ञानानेच कळतं. इंजिन चालू असताना गाडीतलं व्होल्टेज साधारण १४.४ पर्यंत जातं. प्लेअरच्या आत बसलेल्या ॲम्प्लिफायरच्या चिपला यापेक्षा जास्त व्होल्टेज मिळत नाही. गाडीच्या स्पीकरचा रोध सहसा ४ ओहम असतो. व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध म्हणजे शक्ती: १४.४ गुणिले १४.४ म्हणजे २०७.३६, त्याला ४ ने भागलं की ५१.८ वॉट. हेच ते खोक्यावरचे ५०. पण एवढी शक्ती मिळते ती चिप सतत पूर्ण व्होल्टेज या टोकाला नाही तर त्या टोकाला फेकत असेल तेव्हाच, म्हणजे गाण्याच्या लाटेची शिखरं छाटून तिची चौकोनी लाट झाली असेल तेव्हा. ती ऐकायला गेलं तर कर्कश खरखर आहे. स्वच्छ, गोलाईदार लाटेला त्याच व्होल्टेजमधून निम्मी, म्हणजे सुमारे २६ वॉट मिळते आणि चिपमधली घट वजा जाता हातात उरतात १८ ते २२ वॉट. अमेरिकेत २००३ पासून लागू झालेल्या आणि आज सीटीए-२००६ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मानकात हीच अट आहे: १४.४ व्होल्ट, ४ ओहम, आणि विकृती १ टक्क्याच्या आत असतानाची शक्ती सांगा. माहितीपत्रकात बारीक अक्षरात लिहिलेला ‘आरएमएस’चा आकडा बघितला तर महागडा प्लेअर आणि कंपनीने गाडीसोबत दिलेला प्लेअर यांत शक्तीचा फरक जवळपास नसतो. दोघांनाही त्याच बॅटरीतून आणि तशाच चिपमधून काम भागवायचं असतं.

समजा फरक असता, शक्ती खरोखर दुप्पट झाली असती, तरी कानाला काय मिळालं असतं? शक्ती दुप्पट झाली की आवाज ३ डेसिबलने वाढतो, आणि ३ डेसिबल म्हणजे लक्ष देऊन ऐकलं तर जाणवणारी वाढ. आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबल वाढावे लागतात, म्हणजे शक्ती दहापट करावी लागते. याच हिशेबाची दुसरी बाजू मात्र दिलासा देणारी आहे. गाडीच्या आत आसपासचा गोंगाट ३ डेसिबलने कमी करता आला तर संगीताला मिळणारी मोकळीक ॲम्प्लिफायरची ताकद दुप्पट केल्याएवढी असते. आणि त्यात ना विकृती वाढते, ना स्पीकरवर ताण येतो, ना बॅटरीवर.

गोंगाट हाच गाडीतल्या संगीताचा मुख्य शत्रू आहे, हे या क्षेत्राच्या सुरुवातीपासूनच कळलेलं होतं. १९३० साली पॉल आणि जोसेफ गॅल्विन या भावांनी शिकागोत मोटारीत बसणारा रेडिओ बाजारात आणला आणि त्याला मोटोरोला हे नाव दिलं. तेव्हा सगळ्यांत मोठी डोकेदुखी होती ती इंजिनाच्या ठिणग्यांमुळे रेडिओत उमटणारी खरखर, आणि ती दाबण्यासाठी त्या मंडळींना बरीच खटपट करावी लागली. ती विजेची खरखर पुढे आटोक्यात आली. टायर, वारा आणि इंजिनाची घरघर मात्र राहिली. लहान हॅचबॅक गाडीत ताशी ८० किलोमीटर वेगाला आतला गोंगाट सहज ६५ ते ७० डेसिबल असतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासारख्या काँक्रीटच्या रस्त्यावर टायरचा आवाज डांबरी रस्त्यापेक्षा चढाच लागतो. आता गाणं सरासरी ८० डेसिबलवर लावलं आहे असं धरू. ख्यालातली हलकी आलापी, तानपुऱ्याची जवारी, भावगीतातला शेवटचा ओसरणारा स्वर हे सरासरीच्या १५ डेसिबल खाली गेले की ६५ वर येतात आणि थेट गोंगाटात बुडतात. शिवाय हा गोंगाट सगळ्या स्वरांवर सारखा पसरलेला नसतो. त्याचा मोठा भाग काहीशे हर्ट्झच्या खाली, म्हणजे नेमका डग्गा, ढोलकीचा धुम आणि पुरुषी खर्ज जिथे राहतात तिथेच असतो. माणूस मग बेसची कळ वाढवतो, दार थरथरू लागतं, ती थरथर गोंगाटात भर घालते, आणि त्यावर उपाय म्हणून पुन्हा आवाज वाढवला जातो. डिकीतल्या बेस ट्यूबची गरज बऱ्याच जणांना भासते ती संगीतामुळे नव्हे, टायरमुळे.

आता दाराकडे येऊ, कारण खरी गोष्ट तिथे आहे. स्पीकरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. या दोन लाटा एकमेकींच्या बरोबर उलट असतात. त्या भेटल्या की एकमेकींना खोडून काढतात. खर्जाच्या लाटा लांब असतात. १०० हर्ट्झची लाट जवळपास साडेतीन मीटरची असते, त्यामुळे ती कडेने वळून सहज मागच्या लाटेला जाऊन मिळते. घरातला स्पीकर लाकडी खोक्यात बंद केलेला असतो तो यासाठीच. गाडीत हे खोकं म्हणजे दार. आणि ते दार खोकं म्हणून बनवलेलंच नसतं. बाहेरचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटर जाडीचा. आतल्या पत्र्याला काच वर-खाली करणाऱ्या यंत्रणेसाठी हातभर रुंद भोकं, आणि त्यांवर पाण्यापुरता चिकटवलेला प्लॅस्टिकचा पातळ कागद. अशा दारात कितीही महागडा स्पीकर लावला तरी भाता फुटलेली पेटी वाजवायला बसल्यासारखं होतं: जोर सगळा लागतो, सूर धरत नाही. पाच हजारांचा स्पीकर काढून पंधरा हजारांचा बसवल्यावर ‘काही विशेष फरक नाही’ अशी जी तक्रार ऐकू येते, तिचं कारण पुष्कळदा हेच असतं.

पत्रा थरथरतो तेव्हा नुसती ताकद वाया जात नाही, तो स्वतःचा आवाज मिसळतो, आणि आपल्या संगीताच्या बाबतीत ही भेसळ विशेष जाचक आहे. साध्या ताणलेल्या कातड्यावर थाप मारली तर मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे स्वर त्याच्या दुप्पट, तिप्पट अशा पूर्ण पटीत नसतात. म्हणून साध्या ढोलाला निश्चित स्वर सांगता येत नाही. तबल्याला मात्र स्वर असतो, तो षड्जाला मिळवता येतो. यामागचं कारण चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी शोधलं आणि १९२० साली ‘नेचर’ या नियतकालिकात मांडलं: पुडीच्या मधोमध लावलेल्या शाईच्या वजनामुळे हे वरचे स्वर जवळजवळ पूर्ण पटीत येतात, आणि कान त्यांना एकच सुरेल नाद म्हणून ऐकतो. शाईचे थर चढवणाऱ्या कारागिराने पिढ्यान्‌पिढ्या जे साधलं, ते दाराचा सैल पत्रा एका थापेत मोडून टाकतो. पत्र्याच्या कंपनांचा षड्जाशी काहीच संबंध नसतो. ती तबल्याच्या नादाला चिकटतात आणि बोल बोथट होतो, ‘धा’ आणि ‘धिं’ यांच्यातला फरक अंदाजाने ओळखावा लागतो. झांजा, इलेक्ट्रॉनिक ठेका, गिटारचा गलका यांत अशी भेसळ एक वेळ खपून जाते. आपल्याकडे तालवाद्यंसुद्धा सुरात लावलेली असतात, त्यामुळे आपल्या श्रोत्याने दाराकडे जगातल्या इतर श्रोत्यांपेक्षा जास्त लक्ष द्यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

उपाय काही गूढ नाही. दाराचं आतलं पॅनेल उघडून बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला ब्यूटाइल रबराच्या, वरून ॲल्युमिनियमचा थर असलेल्या चिकट शीट लावायच्या आणि रोलरने दाबून बसवायच्या. या शीट आवाज ‘अडवत’ नाहीत. त्या पत्र्याच्या कंपनातली ऊर्जा रबरात जिरवतात. त्यामुळे पत्रा इंच न् इंच झाकायची गरज नसते. साधारण पाव ते अर्धा भाग, मधोमध, झाकला की बहुतेक काम होतं. दुसरं काम त्याहून महत्त्वाचं: आतल्या पत्र्यावरची मोठी भोकं घट्ट बंद करणं, म्हणजे दाराचं खऱ्या अर्थाने खोकं होतं. तिसरं काम स्पीकरखालच्या रिंगचं. स्पीकर पातळ पत्र्याला किंवा कंपनीच्या ठिसूळ प्लॅस्टिकला थेट न अडकवता भक्कम रिंगवर, कडेने फोमची पट्टी लावून बसवायचा. चौथं काम सगळ्यांत स्वस्त आणि नेमकं तेच राहून जातं: दाराच्या आत लोंबणाऱ्या वायरी, कुलपाच्या सळया आणि पॅनेलच्या क्लिपा यांना फेल्टची किंवा कापडी पट्टी गुंडाळणं. इथे दोन इशारे द्यायलाच हवेत. काचेच्या कडेने पावसाचं पाणी दाराच्या आत उतरतं, ते उतरावं अशीच रचना असते, आणि ते खालच्या बारीक छिद्रांतून निघून जातं. ती छिद्रं शीटखाली झाकली गेली तर कोकणातल्या एका पावसाळ्यात दार आतून गंजायला लागेल. याच कारणासाठी रिंग साध्या एमडीएफची नसावी. ते पाण्याने फुगतं. दुसरा इशारा शीटविषयी. छताला लावण्याची डांबरी शीट निम्म्या किमतीत मिळते, पण मे महिन्याच्या उन्हात तिचा वास गाडीत पसरतो आणि ती खाली घसरते. ब्यूटाइलच मागावं.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरांना हे कळत नव्हतं का? कळत होतं, आणि मोठ्या गाड्यांत ते करतातही. जनरल मोटर्स आणि बोस यांनी १९८३ च्या मॉडेलांपासून विशिष्ट गाडीसाठीच आखलेली ध्वनियंत्रणा दिली, तेव्हा तिचं वेगळेपण हेच होतं की स्पीकर त्या गाडीच्या आतल्या आकारमानासाठी, सीटच्या कापडासाठी, काचांसाठी जुळवून घेतलेले होते. खोली आणि स्पीकर मिळून एक वाद्य होतं, हा विचार त्यामागे होता. छोट्या गाडीत मात्र रुपया-रुपयाची आणि किलो-किलोची काटकसर असते, आणि ग्राहक शोरूममध्ये स्क्रीनचे इंच विचारतो, दारातली शीट विचारत नाही. दुसरा आक्षेप वजनाचा आणि ॲव्हरेजचा. दोन मिलिमीटर जाडीची ब्यूटाइल शीट चौरस मीटरला तीन-चार किलो भरते. अर्धा पत्रा झाकायचा तर चार दारांचं मिळून वजन सहसा दहा किलोच्या आत राहतं. मागच्या सीटवर एक लहान मूल बसल्यावर ॲव्हरेज पडतं तेवढंच पडेल. तिसरा आक्षेप सगळ्यांत गंभीर: डॅम्पिंगने टायरचा आवाज थांबत नाही. हे खरं आहे. दाराची शीट टायरच्या आवाजाला थोडाच आळा घालते. तो मुख्यतः तळातून आणि चाकांच्या कमानींतून येतो, आणि तिथे काम करायचं तर खर्च बराच वाढतो. झिजलेले, कडक झालेले टायर बदलण्याची वेळ आलीच असेल तर कमी आवाजाचे टायर निवडणं, काचेच्या फाटलेल्या रबरी पट्ट्या बदलणं, एवढं मात्र सहज जमतं. पण दाराचं काम गोंगाटासाठी नव्हे, स्पीकरसाठी करायचं असतं, आणि तिथे त्याला पर्याय नाही.

दार तयार झालं की मग स्पीकर. इथेही माझं मत रूढ पद्धतीविरुद्ध आहे: सगळे पैसे पुढच्या दोन दारांत घालावेत आणि मागचे स्पीकर आहेत तसेच, मंद वाजत राहू द्यावेत. मैफलीत गायक आपल्या समोर बसतो, पाठीमागे नाही. मागच्या ट्रेवरचे मोठे अंडाकृती स्पीकर पुढे बसलेल्यांच्या डोक्यामागून गातात आणि स्वरांचं चित्र विस्कटून टाकतात. पुढच्या दारांत साडेसहा इंची कंपोनंट स्पीकर, म्हणजे ज्यांत ट्वीटर वेगळा असतो, लावावेत. ट्वीटर आरशाच्या कोपऱ्यात किंवा डॅशबोर्डच्या कडेला कानाच्या बाजूने वळवता येतो, आणि त्यामुळे शब्द पायांजवळून उठून नजरेच्या पातळीवर येतात. स्पीकर घेताना कमाल वॉटचा आकडा दुर्लक्षावा आणि संवेदनशीलता पाहावी, म्हणजे १ वॉट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल मिळतात. ८८ आणि ९१ डेसिबलच्या स्पीकरमधला फरक म्हणजे ॲम्प्लिफायरच्या ताकदीचा दुपटीचा फरक. ज्यांना वेगळा ॲम्प्लिफायर लावायचाच नाही त्यांच्यासाठी तर हाच आकडा निर्णायक. वेगळा ॲम्प्लिफायर लावणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं की त्याच्यावरची ‘गेन’ची कळ आवाजाची नसते. ती प्लेअरच्या पातळीशी जुळवून एकदाच लावायची असते. ती उजवीकडे टोकाला फिरवून ठेवणं हा ट्वीटर जळण्याचा सर्वांत हमखास मार्ग आहे.

ट्वीटर बसले तरी एक अडचण उरते, आणि ती सोडवायला पैसा लागत नाही, फक्त अर्धा तास लागतो. आपल्या गाड्यांत चालक उजवीकडे बसतो. उजव्या दारातला स्पीकर त्याच्यापासून अंदाजे ८० सेंटिमीटरवर, डाव्या दारातला १३० वर. आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, त्यामुळे डावीकडचा आवाज साधारण दीड मिलिसेकंद उशिरा पोचतो. एवढासा वेळ मेंदूला पुरेसा असतो. हेल्मुट हास यांनी १९४९ साली ग्योटिंगेनच्या आपल्या प्रबंधात दाखवलं की तोच आवाज दोन ठिकाणांहून किंचित अंतराने आला तर आपल्याला दोन आवाज ऐकू येत नाहीत. आधी पोचलेल्याच्या दिशेने एकच आवाज आल्यासारखा वाटतो, मग नंतर आलेला काहीसा मोठा का असेना. म्हणूनच नुसती बॅलन्सची कळ डावीकडे वळवून हा दोष जात नाही. उपाय आहे टाइम अलाइनमेंट: उजव्या स्पीकरला तेवढाच उशीर करायला लावणं. कितीतरी प्लेअरमध्ये आणि बहुतेक डीएसपी ॲम्प्लिफायरमध्ये ही सोय असते, मोजपट्टीने अंतरं मोजून आकडे भरायचे असतात, आणि बहुतेक गाड्यांत ती कधीच उघडली जात नाही. मराठी श्रोत्याला तिचा फायदा दुप्पट आहे. १९५० आणि ६० च्या दशकांतली बहुतेक भावगीतं आणि नाट्यपदं मोनोत ध्वनिमुद्रित झाली. दोन्ही स्पीकरना तोच आवाज जातो, म्हणजे तो बरोबर मधोमध उमटायला हवा, आणि अलाइनमेंटशिवाय तो संपूर्णपणे उजव्या दारात जाऊन बसतो. शेजारी बसणाऱ्याचं यात नुकसान होतं, हा आक्षेप रास्त आहे. त्यासाठी दोन प्रीसेट ठेवावेत: एकटं असताना चालकासाठी, कुटुंब असताना सगळ्यांसाठी, दुसऱ्यात उशीर बंद.

बेसबद्दल थोडं. गाडीची बंदिस्त जागा खर्जाला फुकटात मदत करते. आतली लांबी अडीच मीटरच्या आसपास असेल तर साधारण ७० हर्ट्झच्या खाली अर्धी लाटही त्या जागेत मावत नाही, संपूर्ण केबिनमधली हवा एकत्र दाबली-सोडली जाते, आणि स्वर जितका खाली जाईल तितका दाब वाढत जातो. म्हणून गाडीत घरापेक्षा लहान सबवूफर पुरतो. सीटखाली बसणारा आठ इंची सबवूफर पखवाजाच्या धुमालाही न्याय देतो. डीजेच्या मिक्ससाठी तो अपुरा पडेल, त्यांनी मोठा घ्यावा. पण खरा लाभ वेगळाच आहे: ८० हर्ट्झच्या खालचं काम सबवूफरला दिलं आणि दारातल्या स्पीकरला तिथून मोकळं केलं की दार थरथरायचं जवळजवळ थांबतं आणि मधले स्वर उजळतात. आणि हळू आवाजात बेस कमी का वाटतो, याचं उत्तर १९३३ सालीच बेल लॅब्समध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी मोजून दिलं होतं: आवाज जसा कमी होतो तसा कान खर्जाला अधिकच कमी दाद देतो. अशा वेळी ‘लाउडनेस’ची सोय वापरायची असते, आवाज वाढवायचा नसतो.

ब्ल्यूटूथ आणि स्ट्रीमिंगमुळे गाणं आधीच चिरडलेलं असतं, मग दारांवर खर्च कशाला, असं तरुण मंडळी विचारतात. ब्ल्यूटूथचं सर्वांत साधं एसबीसी हे कोडेक सेकंदाला ३२८ किलोबिटपर्यंत जातं, आणि धावत्या गाडीच्या गोंगाटात त्यातला आणि सीडीतला फरक ओळखणं बहुतेकांना जमणार नाही. ॲपमध्ये ‘ऑटो’ ठेवल्यावर नेटवर्क कमजोर असताना दर्जा बराच खाली येतो, तो मात्र ओळखू येतो. तेव्हा आवडती गाणी वरच्या दर्जात उतरवून ठेवावीत आणि जमेल तिथे फोन केबलने जोडावा. एवढ्याने तो प्रश्न संपतो. पत्र्याची थरथर कुठल्याही सेटिंगने जात नाही.

स्क्रीनच्या बाजूने बोलणारे नकाशे, मागचा कॅमेरा आणि फोन उचलण्याची सोय यांकडे बोट दाखवतात. त्या सोयी खऱ्या आहेत आणि त्यांसाठी स्क्रीन घेणाऱ्याला कोणी अडवू नये. फक्त ती खरेदी आवाजाच्या खात्यात मांडू नये. उलट नव्या गाड्यांत मूळ प्लेअरला स्टिअरिंगवरची बटणं, कॅमेरा, कधी एसीसुद्धा जोडलेला असतो; तो काढला की एकेक सोय अडायला लागते आणि वॉरंटीचा वाद उभा राहतो. मूळ प्लेअर जागेवर ठेवून, त्याच्या स्पीकरच्या वायरींवरून सिग्नल घेणारा ॲम्प्लिफायर कपलरने जोडता येतो, एकही वायर न कापता. वायर कापू देऊच नये. खऱ्या २४० वॉटच्या ॲम्प्लिफायरला पूर्ण भारावर २० अँपिअरच्या वर प्रवाह लागतो. त्यासाठी बॅटरीपासून स्वतंत्र, शुद्ध तांब्याची जाड वायर हवी, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची नको, आणि बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज हवाच. तो फ्यूज ॲम्प्लिफायरला वाचवण्यासाठी नसतो. वायर कुठे घासून पत्र्याला टेकली तर आग लागू नये म्हणून असतो. अर्थिंग रंग खरवडून उघड्या पत्र्याला घट्ट करावं. इंजिनाच्या वेगाबरोबर चढत जाणारी शीळ ऐकू आली तर पहिला संशय त्याच जोडावर घ्यावा.

काम झाल्यावर तपासायचं कसं? गाडी दुकानासमोर उभी असताना, काचा वर करून, आधी एकल तबला लावावा, मग स्त्रीस्वर, मग आपल्या रोजच्या ऐकण्यातलं काहीही, तेही रोज ऐकतो तेवढ्याच आवाजात. दारांच्या पॅनेलवर हात ठेवावा. तळव्याला कंप फारसा जाणवायला नको. नंतर गाडी रस्त्यावर काढून नेहमीच्या वेगाला तीच गाणी पुन्हा लावावीत आणि आवाजाचा आकडा पूर्वीपेक्षा किती खाली ठेवता येतो ते बघावं. या आकड्याला माझ्या लेखी सर्वांत जास्त किंमत आहे, कारण तो कानांच्या आयुष्याशी जोडलेला आहे. कामाच्या ठिकाणांसाठी अमेरिकेतल्या नायोश या संस्थेने सुचवलेली मर्यादा ८५ डेसिबलला दिवसाला आठ तास अशी आहे, आणि दर ३ डेसिबल वाढीला ती वेळ निम्मी होते: ८८ ला चार तास, ९१ ला दोन. मुंबईहून पुण्याला जायला दोन-अडीच तास तरी लागतातच. थरथरत्या दारांच्या गाडीत टायरच्या वर गाणं काढायला ९१ लागत असतील, तर पुण्यात पोचेपर्यंत दिवसभराचा वाटा संपलेला असतो. तेच गाणं ८८ वर तितकंच स्पष्ट ऐकू आलं, तर परतीच्या बऱ्याचशा प्रवासापुरतीही जागा उरते.